पंपाला चिकटलेली कातडी : लिंगातल्या इम्प्लांटचा उशिरा उमटलेला जंतुसंसर्ग

पार्श्वभूमी

रावेर पट्ट्यातले एक केळी-बागायतदार, वय ५६. त्यांना इथे आप्पा म्हणू. ओळख पटू नये म्हणून गाव, घर आणि शेतीचे तपशील बदलले आहेत; दुखण्याचा क्रम आणि त्या त्या वेळी घेतलेले निर्णय मात्र जसे झाले तसे ठेवले आहेत. मी जळगावात मूत्रविकारतज्ज्ञ आहे. आप्पा माझ्याकडे आले तोवर बरंच काही घडून गेलं होतं, त्यामुळे सुरुवातीचा भाग आप्पांकडून, त्यांच्या पत्नीकडून आणि फाइलमधल्या कागदांवरून कळलेला आहे.

मधुमेह चौदा वर्षांचा. केळीची कापणी चालू असली की गोळ्या चुकायच्या आणि हिवाळ्यात भरीत-पुरीच्या पार्ट्या सुरू झाल्या की पथ्य सुटायचं. पन्नाशी ओलांडताना ताठरता कमी होत गेली. गोळ्यांवर दीडेक वर्ष निभावलं, पुढे त्याही लागू पडेनात. लिंगात टोचायच्या इंजेक्शनचं नाव काढलं की आप्पा हात जोडायचे. शेवटी मुंबईच्या एका सर्जनकडे जाऊन त्यांनी तीन भागांचं, फुगवता येणारं इम्प्लांट बसवून घेतलं. एका केळीच्या हंगामाचा पैसा त्यात गेला. हा निर्णय नवरा-बायकोने मिळून घेतला होता. हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडे असं ऑपरेशन म्हणजे म्हाताऱ्याची हौस, असं सरळ बोललं जातं.

हे इम्प्लांट काय असतं ते थोडक्यात. लिंगाच्या आतल्या दोन पोकळ्यांत एकेक नळकांडं, अंडकोषाच्या पिशवीत लहानसा पंप आणि ओटीपोटात मूत्राशयाशेजारी सलाइनची टाकी. सगळं बारीक नळ्यांनी जोडलेलं. पंप दाबत गेलं की टाकीतलं पाणी नळकांड्यांत येतं, बटण दाबलं की परत टाकीत जातं. बाहेरून काही दिसत नाही. १९७३ साली अमेरिकेत स्कॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचं पहिलं रूप मांडलं, आजची यंत्रं त्याच कल्पनेवर चालतात. दुसरा प्रकार वाकवता येणाऱ्या दांड्यांचा. त्यात पंप नाही, टाकी नाही; दोन दांड्या कायम आत, हाताने वर-खाली करायच्या. तो बराच स्वस्त पडतो.

या शस्त्रक्रियेत सर्जन सगळ्यात जास्त धास्ती घेतो ती जंतुसंसर्गाची. पूर्वी पहिल्यांदा इम्प्लांट बसवलेल्या शंभरांपैकी तीन ते पाच जणांना तो व्हायचा. २००१ पासून रिफाम्पिसिन आणि मिनोसायक्लिन या प्रतिजैविकांचा लेप दिलेली, पाठोपाठ औषध शोषून धरणाऱ्या आवरणाची इम्प्लांट आली आणि हे प्रमाण शंभरात एक-दोनवर उतरलं. साखर मोकाट असली, किंवा जुनं काढून नवं बसवलेलं असलं, तर ते पुन्हा चढतं. आप्पांचं ऑपरेशनपूर्वीचं एचबीएवनसी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा आकडा, ७.९ होतं. फार चांगलं नाही, पण कोणी परत पाठवावं इतकं वाईटही नाही.

मुलाला, सुनेला आणि भावकीला सांगितलं गेलं की हर्नियाचं ऑपरेशन आहे. काप अंडकोषाच्या पिशवीवर घेतलेला असल्याने जांघेत कुठे व्रण नव्हता, पण तो बघणार कोण? हा ‘हर्निया’ पुढे दोन दवाखान्यांच्या केसपेपरवर चढला आणि पुढच्या सगळ्या गोंधळाचं मूळ ठरला.

दुखणं कसं उमटत गेलं

इम्प्लांटनंतर चार-सहा आठवडे दुखतंच. आप्पांचंही दुखलं, कमी झालं, पण थांबलं नाही. पंपाच्या जागी, उजव्या बाजूला, बारीक ठणका राहिला. बांधावरून मोटारसायकल घातली की तो जाणवायचा. यंत्र मात्र उत्तम चालत होतं, म्हणून त्यांनी ठणका अंगावर काढला. तीन महिन्यांची मुंबईची तपासणी झाली, तिथे त्यांनी “सगळं बरं आहे” म्हणून सांगितलं. सहा महिन्यांच्या तपासणीला ते गेलेच नाहीत. तेव्हा माल निघत होता आणि भाव बरा होता.

आठव्या महिन्यात पिशवीला सूज आली. गावातल्या डॉक्टरांना त्यांनी एवढंच सांगितलं, “अंडाला सूज आलीय.” आधी काही ऑपरेशन? हर्निया. मधुमेही माणूस, एका बाजूची दुखरी सूज. डॉक्टरांनी वृषणाचा संसर्ग धरून दहा दिवसांचं प्रतिजैविक दिलं. हाती असलेल्या माहितीवर हे बरोबरच होतं. सूज उतरली. तीन आठवड्यांनी परत आली, परत कोर्स, परत उतरली. ताप एकदाही नव्हता.

मग दहाव्या महिन्यात दाढ सुजली. गाल फुगला, तालुक्याच्या ठिकाणी दाढ काढली, पुन्हा प्रतिजैविकं मिळाली, आणि त्या आठवड्यात पिशवीचं दुखणंही थांबलं. घरात निष्कर्ष निघाला की दाढेचं विष खाली उतरलं होतं, दाढ गेली आता सुटका झाली. आप्पांच्या पत्नीला तेव्हाही हे पटलं नव्हतं. “दाढ दुखायच्या आधीपासून यांना तिथे दुखतंय,” असं त्या म्हणत होत्या. त्यांचं म्हणणं पुढे खरं निघालं, पण त्या वेळी कोणत्याच डॉक्टरने त्यांना आत बोलावलेलं नव्हतं.

दाढेची शंका अगदीच निराधार नव्हती. दूरच्या ठिकाणाहून जंतू रक्तातून येऊन इम्प्लांटवर बसल्याची उदाहरणं १९८०च्या दशकापासून वैद्यकीय नियतकालिकांत आहेत आणि त्यात दातांची नोंद आहे. पण ते विरळ. उशिरा उमटणारा संसर्ग बहुतेक वेळा ऑपरेशनच्या दिवशीच आत शिरलेला असतो. कातडीवर राहणारे स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिससारखे गरीब जंतू इम्प्लांटच्या पृष्ठभागाला चिकटतात, स्वतःभोवती बुळबुळीत आवरण तयार करतात आणि त्या आवरणाखाली महिनोन्‌महिने दबून राहतात. ताप नाही, पू नाही, रक्तातल्या पांढऱ्या पेशी नॉर्मल. एकच खूण मागे राहते: न थांबणारं दुखणं. गोळ्या सुरू असेपर्यंत आवरणाबाहेर आलेले जंतू मरतात, बरं वाटतं. गोळ्या थांबल्या की आतले पुन्हा बाहेर येतात. आप्पांच्या तीन कोर्समध्ये हेच तीनदा झालं.

सोनोग्राफीच्या टेबलावर

बाराव्या महिन्यात सूज पुन्हा आली आणि या वेळी तळाशी कातडी लाल झाली. गावातल्या डॉक्टरांनी शहाणपणा केला. आणखी गोळ्या न देता त्यांनी सोनोग्राफीची चिठ्ठी दिली. चिठ्ठीवर लिहिलं होतं: वारंवार वृषणशोथ, पूर्वी हर्निया.

सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांना ओटीपोटात, मूत्राशयाला खेटून, जवळपास सहा सेंटिमीटरची पाण्याने भरलेली स्वच्छ, गोल गाठ दिसली. मधुमेही माणूस, खाली सूज, वर पाण्याची पोकळी, पूर्वी ‘हर्निया’. हर्नियासाठी बसवलेल्या जाळीभोवती साचलेलं पाणी किंवा पू असेल, असा विचार मनात येणं साहजिक होतं. सुईने थोडं पाणी ओढून तपासायला पाठवू, असं त्यांनी ठरवलं. आप्पांची संमती घेतली. कातडी पुसून झाली.

मग त्यांनी प्रोब सहज खाली पिशवीवर फिरवला. तिथे वृषणाशेजारी एक टणक, नीट कडा असलेली, माणसाने बनवलेली वस्तू दिसली आणि तिच्यापासून वर जाणारी नळी. हात थांबवून त्यांनी विचारलं, “आप्पा, इथे काही बसवलंय का?” खोलीत मुलगा उभा होता. आप्पांनी मान हलवून नाही म्हटलं. डॉक्टरांनी मुलाला पाण्याची बाटली आणायला बाहेर पाठवलं आणि परत विचारलं. तेव्हा उत्तर आलं.

ती गाठ म्हणजे इम्प्लांटची टाकी होती. सुई गेली असती तर टाकी फुटली असती, आणि तोवर स्वच्छ असेल-नसेल त्या जागेत बाहेरचे जंतू नेले गेले असते. त्या डॉक्टरांनी तिथूनच मला फोन लावला. आप्पा त्याच दिवशी संध्याकाळी जळगावात आले.

तपासणीत काय दिसलं

“मले सांगाची लाज वाटे, डॉक्टरसाहेब,” हे त्यांचं पहिलं वाक्य. मी त्यावर काही बोललो नाही. अशा वेळी ‘लाज कसली’ म्हणणं सोपं असतं. गावात राहायचं त्यांना असतं, आपल्याला नसतं.

निरोगी माणसात पिशवीची कातडी पंपावरून सैलपणे सरकते; चिमटीत धरून उचलली तर पंप खालीच राहतो. आप्पांच्या उजव्या बाजूला रुपयाएवढ्या भागात कातडी पंपाला चिकटली होती. कातडी हलवली की पंप बरोबर हलायचा. तो भाग लालसर, किंचित गरम, आणि मधोमध टाचणीच्या टोकाएवढं छिद्र. दाबल्यावर पिवळसर थेंब आला. लिंगाच्या टोकाशी आणि मूत्रमार्गात काही बिघाड नव्हता, नळकांडी कुठे बाहेर येऊ पाहत नव्हती.

ताप नाही. पांढऱ्या पेशी ९२००. शरीरात कुठे दाह आहे का ते दाखवणाऱ्या दोन तपासण्यांपैकी ईएसआर ४८, म्हणजे वाढलेला, आणि सीआरपी थोडं वाढलेलं. एचबीएवनसी १०.४. लघवीचं कल्चर, म्हणजे जंतू उगवून पाहायची तपासणी, कोरं. त्या थेंबाचं कल्चर पाठवलं, तेही कोरं आलं, कारण आप्पांनी घरात उरलेल्या प्रतिजैविकाच्या चार गोळ्या त्याच आठवड्यात घेतल्या होत्या. एमआरआयमध्ये पंपाभोवती पू आणि नळीच्या कडेने वर जाणारी सूज दिसली. टाकीभोवती मात्र काही नव्हतं.

चिकटलेली कातडी आणि छिद्र या दोन गोष्टी एकत्र दिसल्यावर निदानाबद्दल शंका राहत नाही. रक्ताचे रिपोर्ट काहीही म्हणोत.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय आप्पांच्या मनातला: आणखी भारी प्रतिजैविक, शिरेतून, महिनाभर. दुसरा, इम्प्लांट पूर्ण काढायचं, जखम धुऊन ठेवायची आणि तीन ते सहा महिन्यांनी नवं बसवायचं. तिसरा, काढायचं, जागा कसोशीने धुवायची आणि त्याच बैठकीत नवं तीन भागांचं बसवायचं. चौथा, तसंच धुवायचं, पण जागी वाकवता येणाऱ्या दांड्या ठेवायच्या.

पहिल्यावर सगळ्यात जास्त वेळ गेला, कारण तो सगळ्यात सोपा वाटत होता. शेवटी मी त्यांना त्यांच्याच ठिबकची आठवण करून दिली. लॅटरलच्या आत बुळबुळीत थर धरला की नुसतं पाणी जोरात सोडून भागत नाही, ॲसिड सोडावं लागतं, आणि फारच धरला असेल तर नळी काढून फेकावी लागते. आप्पा लगेच म्हणाले, “मग इथे ॲसिड चालत नाही, नळीच फेकायची.” विषय संपला. हे शब्द माझ्या दहा मिनिटांच्या समजावण्यापेक्षा नेमके होते.

दुसरा पर्याय सुरक्षित दिसतो आणि काही रुग्णांत तोच एकमेव असतो. पण इम्प्लांट काढून पोकळ्या रिकाम्या ठेवल्या की त्या आतून घट्ट, चामड्यासारख्या होतात. लिंग आखडतं, लांबी कमी होते, आणि सहा महिन्यांनी नवं इम्प्लांट घालणं हे सर्जनसाठी दगडात बोगदा खणण्याचं काम होऊन बसतं. परत संसर्गाचा धोकाही पहिल्यापेक्षा जास्त. म्हणूनच १९९६ मध्ये अमेरिकेतले सर्जन मल्काही यांनी तिसरा मार्ग मांडला: एकाच बैठकीत काढणं, वेगवेगळ्या द्रावणांनी क्रमाने धुणं आणि नवं बसवणं. त्यांच्या पुढच्या नोंदींत ८० टक्क्यांहून अधिक रुग्णांत संसर्ग परतला नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका बहुकेंद्री मालिकेत धुतल्यानंतर वाकवता येणाऱ्या दांड्या बसवलेल्या ५८ पैकी ५४ जण, म्हणजे ९३ टक्के, संसर्गमुक्त राहिले. दांड्यांना टाकी नाही, नळ्या नाहीत, पंप नाही. जंतूंना धरायला जागा कमी. शिवाय पोकळ्या उघड्या राहतात, पुढे वाटलं तर पंपवालं इम्प्लांट घालता येतं.

हे सगळं कोणाला करायचं नाही, तेही तितकंच पक्कं हवं. अंगात विष भिनलेलं असेल, रक्तदाब पडला असेल, साखर वाढून किटोन्स आले असतील, कातडी काळी पडत असेल किंवा नळकांडं मूत्रमार्गात घुसलं असेल, तर धुणं-बसवणं विसरायचं आणि मिळेल त्या ठिकाणी, त्याच रात्री, सगळं काढून टाकायचं. आप्पांमध्ये यातलं काहीच नव्हतं. त्यामुळे आमच्याकडे विचार करायला काही दिवस होते, आणि ते दिवस वापरणं हा या प्रकरणातला सर्वांत चांगला निर्णय ठरला असं मला वाटतं.

कुठे करायचं?

जळगावात भूल, आयसीयू, सगळं होतं. इम्प्लांट काढून टाकायचं असतं तर इथेच केलं असतं. पण धुऊन नवं बसवण्याचं काम वेगळं आहे. वेगवेगळ्या लांबी-जाडीच्या दांड्या टेबलाशेजारी तयार हव्यात, आत काय सापडेल ते पाहून माप ठरतं, आणि हे काम हाताखालून नियमित जाणारा सर्जन हवा. असं काम खानदेशात फार होत नाही, माझ्याकडेही नाही. मी मूळच्या सर्जनला फोन केला. त्यांनी फाइल काढली, कोणत्या मापाचं काय बसवलं ते सांगितलं, आणि “पाठवा, पण साखर उतरवून” एवढंच म्हणाले.

आप्पांची तयारी नव्हती. पुन्हा मुंबई म्हणजे मुलाला कारण सांगावं लागणार. इथे त्यांच्या पत्नीने सूत्रं हातात घेतली. “आता काही हर्निया-बिर्निया नको. मी सांगते त्याला,” म्हणाल्या आणि बाहेर जाऊन मुलाशी बोलल्या. आत परत आल्यावर मुलाने विचारलेला प्रश्न फक्त एक होता: गाडीचं तिकीट कधीचं काढू?

साखर इन्शुलिनवर आणायला पाच दिवस गेले. या काळात आम्ही एक कागद लिहून मुलाच्या हातात दिला. ताप १०१ च्या वर, थंडी वाजणं, उलट्या, कातडीचा रंग बदलणं, साखर ३५० च्या वर: यातलं काहीही झालं तर मुंबईची वाट धरायची नाही, जळगावातच यायचं. भुसावळहून रात्रीच्या गाडीने ते निघाले. मे महिना, पारा पंचेचाळिसाच्या घरात. दिवसाचा प्रवास टाळला ते बरं झालं.

शस्त्रक्रिया

मी ऑपरेशनला नव्हतो. सर्जनच्या नोंदी आणि फोनवर झालेलं बोलणं यावर हे लिहितो.

आधी शिरेतून व्हँकोमायसिन आणि जेंटामायसिन ही प्रतिजैविकं सुरू झाली. बुरशीसाठीचं औषधही जोडलं. बुरशी कशाला, असं वाटू शकतं. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, संसर्ग झालेल्या इम्प्लांटच्या २२७ नमुन्यांच्या एका मोठ्या अभ्यासात एक तृतीयांश नमुन्यांत काहीच उगवलं नव्हतं, आणि ज्यांत काही उगवलं त्यातल्या सुमारे ११ टक्क्यांत कँडिडा ही बुरशी सापडली होती. एचबीएवनसी १० च्या वर राहिलेल्या माणसात बुरशी गृहीत धरून चालणं शहाणपणाचं.

पंप, दोन्ही नळकांडी, त्यांची मागची टोकं, नळ्या आणि टाकी, सगळं काढलं. टाकीभोवती एमआरआयमध्ये पू नव्हता, मग ती ठेवली असती तर? संसर्ग नसताना इम्प्लांट बदलायचं असेल तर जुनी टाकी आत सोडून देतात. संसर्गात ती सोडायची नाही, कारण थर नळीतून कुठवर पोहोचलाय हे डोळ्यांना कळत नाही. आप्पांच्या पंपावर करडा, बुळबुळीत थर स्पष्ट होता; टाकी दिसायला स्वच्छ होती, आणि तिच्या कल्चरमध्येही तेच जंतू आले.

मग धुणं. प्रतिजैविकाचं पाणी, निम्म्या ताकदीचं हायड्रोजन पेरॉक्साइड, निम्म्या ताकदीचं बीटाडिन, दाबाखाली व्हँकोमायसिन-जेंटामायसिनचं पाणी, आणि पुन्हा उलट्या क्रमाने सगळं. त्यानंतर सगळ्यांनी गाऊन, हातमोजे, चादरी बदलल्या, हत्यारांचा नवा संच उघडला. दांड्या बसवल्या. चिकटलेली कातडी आणि छिद्र कापून काढलं.

पंपावरचा थर खरवडून पाठवलेल्या नमुन्यात स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस उगवला. तोंडातले जंतू वेगळे असतात. हे शंभर टक्के पुरावा म्हणून मांडता येणार नाही, पण पहिल्या महिन्यापासूनचा ठणका आणि हा जंतू एकत्र पाहिले तर दाढेचा यात काही हात नव्हता असंच मी म्हणेन.

निकाल

महिनाभर तोंडाने प्रतिजैविक. जखम कोरडी भरली. आता वर्ष होत आलंय. ठणका नाही, सूज नाही, ईएसआर १४. एचबीएवनसी ७.२, आणि यात इन्शुलिनपेक्षा सुनेचा वाटा मोठा आहे. घरात गुपित उरलं नाही म्हटल्यावर आप्पांच्या ताटाकडे तिचं लक्ष गेलं.

दांड्यांचे तोटे आहेतच. लिंग कायम भरलेलं राहतं, पँटमध्ये लपवावं लागतं. लग्नात पंगतीला मांडी घालून बसणं आप्पांना अजून अवघड जातं. लांबी थोडी कमी झाली आहे. पंपाचं सुख वेगळं होतं, हे ते मान्य करतात. पत्नीला विचारलं तर त्या म्हणाल्या, “यांचा ठणका गेला, रात्री झोपतात. बाकी चाललंय आमचं.” त्यापुढे त्यांना काही सांगायचं नव्हतं आणि मी विचारलंही नाही.

कुठे वेगळं करता आलं असतं

सगळ्यात आधी, दुसऱ्या महिन्यात. सहा-आठ आठवड्यांनंतरही पंपाच्या जागी दुखत असेल तर ते ‘बसत बसत बसेल’ म्हणून सोडायचं नसतं. तिसऱ्या महिन्याच्या तपासणीत “बरं आहे” हे उत्तर स्वीकारण्याऐवजी कोणी चिमटीत कातडी धरून पाहिली असती तर कदाचित काही कळलं असतं, कदाचित नाही. इतक्या लवकर कातडी चिकटलेली असेलच असं नाही. पण पुढची तारीख चुकल्यावर एक फोन जायला हवा होता. खानदेशातून मुंबईला गेलेला रुग्ण हंगामात परत येत नाही. हे तिथल्या सर्जनने गृहीत धरावं आणि डिस्चार्जच्या दिवशीच जळगाव-धुळ्यातल्या एखाद्या मूत्रविकारतज्ज्ञाचं नाव कागदावर लिहून द्यावं.

दुसरं, कागदाचं. इम्प्लांट बसवलेल्या प्रत्येकाला कार्ड मिळतं. आप्पांचं कार्ड कपाटात, दागिन्यांच्या डब्याखाली होतं. घरच्यांपासून लपवायचं असेल तर लपवा, तो ज्याचा त्याचा अधिकार आहे. पण डॉक्टरसमोर ते कार्ड निघायला हवं, आणि ते निघावं म्हणून डॉक्टरने सोबतच्या माणसाला आधी बाहेर पाठवायला हवं. सोनोग्राफीच्या डॉक्टरांनी पाण्याच्या बाटलीचं निमित्त केलं नसतं तर सुई गेली असती. नातेवाईक खोलीत असताना ‘कुठलं ऑपरेशन झालंय का’ या प्रश्नाला खरं उत्तर मिळत नाही, हे फक्त याच आजाराला लागू नाही.

तिसरं, दुसऱ्या कोर्सनंतर. एकाच जागची सूज प्रतिजैविकाने उतरते आणि तीन आठवड्यांत परत येते, असं दोनदा झालं की तिसरा कोर्स लिहिण्याआधी तिथे बाहेरची वस्तू आहे का हे शोधावं. जाळी, स्टेंट, स्क्रू, इम्प्लांट, काहीही. तिसऱ्या कोर्सने आप्पांचं दुखणं आणखी दोन महिने झाकलं.

दाताबद्दल लोक विचारतात: इम्प्लांट आहे, मग दाढ काढण्याआधी प्रतिजैविक घ्यायचं का? सरसकट प्रत्येकाने घ्यावं, इतका भक्कम आधार नाही. साखर मोकाट असेल किंवा दातात आधीच पू असेल तर मी दातांच्या डॉक्टरांशी बोलून ठरवतो. इम्प्लांट बसवण्याआधी दात तपासून घेणं मात्र सोपं आहे आणि ते क्वचितच होतं.

एका गोष्टीवर मुंबईचे सर्जन आणि मी अजून सहमत नाही. टाकीभोवती पू नव्हता, साखर उतरली होती, ताप नव्हता. अशा रुग्णात लगेच तीन भागांचं बसवायला हरकत नव्हती, असं त्यांचं आता म्हणणं आहे, आणि दांड्यांचा निर्णय त्यांनी टेबलावर थर पाहून घेतला. मला दांड्याच बरोबर वाटतात. १०.४ एचबीएवनसी पाच दिवसांच्या इन्शुलिनने खरोखर उतरत नाही, फक्त ग्लुकोमीटरवरचा आकडा उतरतो. पंपवालं परत बसवायचं का, यावर आप्पांना दोन्ही बाजू सांगून झाल्या आहेत. एचबीएवनसी आणखी सहा महिने ७.५ च्या खाली राहिलं तर विचार करू, इथवर तिघांचं एकमत आहे. तारीख ठरलेली नाही. आप्पा म्हणतात, पिलबागेचा, म्हणजे फुटव्यांवर धरलेल्या केळीचा, माल निघाल्यावर बघू.